गोदावरीचं दुसरं खोरं

नाशिकचं जुनं माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतं. पावसाळ्यात 'गंगेला पाणी किती?' असं विचारलं, की उत्तर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजून मिळतं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. तेच पाणी पुढे नांदूर मधमेश्वरहून पैठणच्या नाथसागरात शिरतं आणि मराठवाड्यातली माणसं रोज सकाळी जायकवाडीची टक्केवारी वाचतात. पैठणखाली गेवराई, गंगाखेड, नांदेड, मग तेलंगण, भद्राचलम, राजमहेंद्री आणि शेवटी बंगालचा उपसागर. ही १,४६५ किलोमीटरची वाट काठावरच्या माणसांना घरच्या अंगणासारखी पाठ आहे.

पण मारुतीच्या छातीला लागलेलं पाणी मुळात त्र्यंबकला आलं कुठून? पावसातून. पाऊस ढगातून, ढग समुद्रातून. इथवर उत्तरं भराभर येतात. कोणत्या समुद्रातून, असं विचारलं की ती थबकतात. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. इतक्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून ही नदी अख्खं दख्खन ओलांडते आणि दुसऱ्याच समुद्राला मिळते. मग ती अरबी समुद्राचं पाणी बंगालच्या उपसागराला नेऊन देते, की बंगालच्या उपसागराचंच पाणी त्याला परत करते? की तिच्या पात्रातलं काही पाणी या दोन्ही समुद्रांचं नाहीच? या पुस्तकाचा जन्म या प्रश्नातून झाला आहे.

नदीचं खोरं म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकतो. डोंगराच्या धारेवर पडलेला थेंब ज्या अंगाला ओघळेल, त्या अंगाच्या नदीचा. त्र्यंबकच्या डोंगररांगेत याचा दाखला डोळ्यांसमोर दिसतो. एका उताराचं पाणी गोदावरीतून पूर्वेला जातं, दुसऱ्या उताराचं वैतरणेतून पश्चिमेला. ही धार नकाशावर आखता येते. तिच्या आतलं क्षेत्र ३,१२,८१२ चौरस किलोमीटर भरतं आणि त्यातलं जवळपास निम्मं महाराष्ट्रात आहे. धरणं, कालवे, लवाद, समन्यायी पाणीवाटपाचे वाद, सगळं या रेषेच्या आत चालतं.

वाऱ्याला ही रेषा ठाऊक नाही. गोदावरीच्या खोऱ्यावर पडणारं पाणी ज्या ज्या ठिकाणाहून वाफ होऊन उठतं, ते समुद्र, ती जंगलं, ती भिजलेली रानं मिळून या नदीचं दुसरं खोरं होतं. ते पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. त्याचा आकार जूनमध्ये एक असतो, सप्टेंबरमध्ये दुसरा. त्याच्यावर कुठल्या राज्याचा हक्क नाही आणि त्याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नाही. तरी पहिल्या खोऱ्यात जे काही वाहतं, ते सगळं आधी या दुसऱ्या खोऱ्यातून आलेलं असतं.

एक हिशोब मांडून पाहू. ऐन पावसाळ्यात आपल्या डोक्यावरच्या हवेत जेवढं बाष्प असतं, ते सगळं पिळून जमिनीवर पसरलं तर साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा थर होईल. गोदावरीच्या संपूर्ण खोऱ्यावर एवढा थर म्हणजे साडेपाचशे टीएमसीच्या आसपास पाणी. जायकवाडी तुडुंब भरलं की त्यात १०२ टीएमसी पाणी असतं. म्हणजे पाचाहून जास्त जायकवाड्या हवेत तरंगत असतात, आणि आपण खाली उभे राहून धरण कधी भरेल याची वाट पाहतो.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. खोऱ्यात वर्षाला सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. म्हणजे आकाशातला हा साठा एका पावसाळ्यात अठरा-वीस वेळा रिकामा होऊन पुन्हा भरावा लागतो. हवेतलं बाष्प सरासरी आठ-दहा दिवसच हवेत टिकतं. आभाळ हे धरण नाही, वाहता ओढा आहे. त्यात पाणी किती आहे यापेक्षा वरून किती येतंय, कुठून येतंय आणि ते खाली उतरवणारी चढण, थंडावा, कमी दाब मिळतोय की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. जुलैमध्ये लातूरच्या एका चौरस किलोमीटरवरच्या हवेत अशा शंभर गाड्यांएवढं पाणी असतं. ते डोक्यावरून निघून जातं आणि रान कोरडं राहतं, हा मराठवाड्याचा अनुभव आहे. दुष्काळ समजून घ्यायचा तर आधी ही ये-जा समजून घ्यावी लागते.

पावसाची मोजदाद या खोऱ्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेगवेगळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे, आणि त्यात अश्मक देशाचा पाऊस साडेतेरा द्रोण नोंदला आहे. अश्मक म्हणजे मध्य गोदावरीचा काठ. त्याच यादीत अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस अमाप म्हटला आहे. सह्याद्रीच्या अलीकडे अमाप आणि पलीकडे मोजका, हा फरक दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भांडं मांडून मोजला होता. आज तोच फरक इगतपुरी ते सिन्नर या थोड्याशा अंतरात दिसतो. घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तासाभराच्या प्रवासानंतर पाचशे-सहाशे. डोंगर चढताना वाऱ्याने आपली झोळी रिकामी केलेली असते.

हा वारा कुठून येतो? नैर्ऋत्येकडून, हे उत्तर खरं पण अपुरं. दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला, मस्कारेन बेटांच्या दक्षिणेकडे आपल्या पावसाळ्यात हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र असतं; तिथे तेव्हा हिवाळा असतो. तिथून निघालेला वारा दक्षिण हिंदी महासागरावरून वायव्येला वाहतो, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला अडतो, केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतो आणि वळून अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो. जे. फिंडलेटर यांनी १९६९ साली दाखवून दिलं, की हा प्रवाह पसरट नसून जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर अरुंद पट्ट्यात एकवटलेला झोत आहे. कोकणच्या किनाऱ्याला जूनमध्ये थडकणारा वारा आठवडाभर आधी विषुववृत्ताच्या पलीकडच्या समुद्रावर असू शकतो.

मग त्यातलं बाष्प कुणाचं? विषुववृत्तापलीकडच्या सागराचं की अरबी समुद्राचं? या प्रश्नावर जगात जी पहिली मोठी चर्चा झाली, तिचा बराच भाग मुंबई-पुण्यात घडला, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिचं हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होतं. त्या मोहिमेच्या निरीक्षणांवरून पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये मांडलं, की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणारं बाष्प प्रामुख्याने अरबी समुद्राच्याच बाष्पीभवनातून येतं. पिशारोटी हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. त्याच संस्थेतल्या के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी १९७३ मध्ये जास्त निरीक्षणं हाताशी घेऊन वेगळा निष्कर्ष काढला: विषुववृत्त ओलांडून येणारं बाष्प अरबी समुद्राच्या बाष्पीभवनापेक्षा जास्त आहे. १९८१ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी दक्षिण गोलार्धाचा वाटा सुमारे ७० टक्के आणि अरबी समुद्राचा ३० टक्के काढला.

या वादात कुणी जिंकलं आणि कुणी हरलं असं मी मानत नाही. वाद मोजमापाचा होता, पण त्याच्या तळाशी 'उगम' या शब्दाचा अर्थ होता. एखाद्या प्रवाशाने पुण्याहून शिदोरी घेतली, वाटेत ती संपवली आणि नगरला नवी बांधून घेतली. तो संभाजीनगरला पोचला, तेव्हा त्याच्या हातची शिदोरी पुण्याची की नगरची? बाष्पाचं असंच आहे. विषुववृत्त ओलांडलेली वाफ वाटेत समुद्रावर पाऊस होऊन गळते आणि तिच्या जागी खालच्या समुद्राची नवी वाफ भरते. किती बाष्प एखादी सीमा ओलांडून येतं हा एक प्रश्न, आणि पडलेला थेंब शेवटचा वाफ कुठे झाला होता हा दुसरा. दोन्ही योग्य आहेत, पण उत्तरं वेगळी येतात. या पुस्तकात मी 'उगम' हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे, आणि जिथे पहिला अर्थ अभिप्रेत आहे तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

गोदावरीच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण तिचं खालचं अर्धं खोरं दुसऱ्या दिशेकडे तोंड करून बसलं आहे. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा यांचं पाणी घेऊन येणारी प्राणहिता, बस्तरातून येणारी इंद्रावती आणि ओडिशाकडून येणारी शबरी या नद्या गोदावरीला खरी भरदार करतात. त्यांचा पाऊस मोठ्या प्रमाणावर बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ही क्षेत्रं ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतात, छत्तीसगडवरून विदर्भाकडे सरकतात आणि भामरागडचा पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली जातो. ऑगस्ट १९८६ मध्ये भद्राचलमला गोदावरी ७५.६ फुटांवर गेली. तो महापूर अशाच पूर्वेकडच्या पावसाचा होता. अशा वेळी उपसागराने दिलेलं पाणी आठ-दहा दिवसांत उपसागरालाच परत मिळतं.

या दोन पंखांच्या मधोमध मराठवाडा आहे. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर रिता होऊन येतो आणि पूर्वेचा कमी दाबाचा पट्टा कित्येकदा विदर्भातूनच उत्तरेला वळतो. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार झालंय, ही बातमी परभणी-नांदेडच्या पारावर एवढ्या आस्थेने ऐकली जाते ती यामुळेच. वर नाशिकला पाऊस झाला तर धरण भरतं. रान भिजायला मात्र आपलाच पाऊस लागतो. वारं फिरलं आणि पूर्वेकडून झड लागली, की तिथला शेतकरी ओळखतो की हा पाऊस मृगाच्या पावसापेक्षा निराळा आहे. त्याच्या या ओळखीला आता प्रयोगशाळेचा आधार मिळाला आहे.

तो आधार पाण्याच्या वजनाचा आहे. सगळं पाणी सारखं नसतं. ऑक्सिजनच्या दर पाचशे अणूंमागे साधारण एक जड असतो, आणि हायड्रोजनच्या सहा हजारांहून अधिक अणूंमागे एक. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात. वाफेचा पाऊस होताना जड रेणू आधी गळतात. त्यामुळे ढग जितका दूर जाईल आणि वाटेत जितका बरसेल, तितकं त्याच्यात उरलेलं पाणी हलकं होत जातं. थेंबाच्या अंगावर त्याच्या प्रवासाची खूण राहते. बंगालच्या उपसागराकडून आलेला पाऊस साधारणपणे अरबी समुद्राकडून आलेल्या पावसापेक्षा हलका असतो. त्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी मिसळलेलं असतं आणि तिथली वाफ अनेकदा बरसून पुढे आलेली असते. मुंबईच्या पावसाचे नमुने १९६० च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय जाळ्यात तपासले गेले, आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशभरच्या पाण्याचे असे ठसे गोळा करण्याचं काम झालं. बाटलीत धरलेला पाऊस कुठल्या रस्त्याने आला याचा अंदाज बांधता येतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पावसाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

दुसरी पद्धत उलट चालीची. जगभरचे फुगे, जहाजं, विमानं आणि उपग्रह यांची निरीक्षणं एकत्र करून गेल्या अनेक दशकांचं, दर तासाचं वातावरण संगणकावर पुन्हा उभं केलेलं आहे. त्यातला समजा ऑगस्टमधल्या एका दुपारी हिंगोलीवर असलेला हवेचा पुंजका निवडायचा आणि त्याला वाऱ्याच्या उलट दिशेने दहा दिवस मागे न्यायचं. वाटेत जिथे त्यातलं बाष्प वाढलेलं दिसेल, तिथे खालून वाफ मिळाली. जिथे घटलेलं दिसेल, तिथे पाऊस पडला. असे हजारो पुंजके मागे नेले की दुसऱ्या खोऱ्याचा नकाशा हळूहळू उमटतो. त्यात पश्चिम हिंदी महासागर आणि अरबी समुद्र ठळक दिसतात, बंगालचा उपसागर दिसतो. आणि मग जमीनही दिसू लागते.

या पुस्तकात सर्वांत जास्त पानं मी जमिनीला दिली आहेत. समुद्राच्या मानाने तिचा वाटा लहान आहे, पण आपल्या हातात असलेला वाटा तेवढाच आहे. भिजलेल्या मातीतून, तळ्यांतून, पिकांच्या आणि झाडांच्या पानांतून पाणी पुन्हा हवेत जातं आणि त्यातलं काही पुन्हा पाऊस होऊन उतरतं. पृथ्वीच्या सगळ्या जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी सुमारे ४० टक्के पाऊस जमिनीवरूनच उठलेल्या वाफेचा असतो, असा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात एनेअस सलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पावसातले जड-हलके अणू मोजले. अटलांटिकपासून आत जाताना पाऊस जितका हलका व्हायला हवा होता, तितका तो झालेला नव्हता. झाडं मुळांनी पाणी शोषून ते जड-हलक्याची निवड न करता पानांतून हवेला परत देत होती आणि तेच पाणी पुढच्या जंगलावर पुन्हा बरसत होतं. त्या वेळी खोऱ्याचा निम्मा पाऊस असा परतीचा मानला गेला. नंतरचे अंदाज पाव ते एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. तरीही जंगल हे पावसाचं फळ आहे तसंच त्याचं बीजही आहे, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. परतीच्या पावसाचा टक्का आपण केवढा तुकडा धरतो त्यावर बदलतो. एका शेताचा धरला तर तो शून्याजवळ जातो, अख्ख्या पृथ्वीचा धरला तर शंभर होतो. म्हणून 'झाडं लावा, तुमच्याच गावात पाऊस पडेल' हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. आपल्या रानातून उठलेली वाफ बहुधा दुसऱ्याच कुणाच्या रानात उतरते, आणि आपला पाऊस दुसऱ्या कुणाच्या रानातून आलेला असतो. त्याने झाडांचं मोल कमी होत नाही. उलट ते एका गावाच्या हिशोबात मावत नाही, एवढं वाढतं.

भारतात हा वाटा पावसाळ्याच्या शेवटी वाढतो. जूनमध्ये माती तहानलेली असते, द्यायला तिच्याकडे काही नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रानं हिरवी होतात, गडचिरोली-बस्तरची जंगलं भरात येतात, आणि समुद्रावरून येणारा वारा मंदावत असताना जमीन आपलं देणं देऊ लागते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात गंगेच्या खोऱ्यात आणि विशेषतः सप्टेंबरमध्ये हे प्रमाण जास्त आढळलं. त्याच संस्थेतून २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासाने जंगलाची शेती झाल्याने पानांतून उठणारी वाफ घटते आणि त्याचा मोसमी पावसावर परिणाम होतो, असं दाखवलं. आणि २०२३ मध्ये आयआयटी मुंबई, पुण्याची उष्णदेशीय संस्था आणि इतर सहकाऱ्यांनी नदीजोड प्रकल्पाचा या अंगाने विचार केला. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सिंचन वाढवलं तर मातीची ओल बदलते, ओलीबरोबर वाफ बदलते, वाफेबरोबर पाऊस. आधीच पाण्याची चणचण असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असं त्यांच्या प्रारूपातून निघालं. सप्टेंबरचा पाऊस म्हणजे रब्बीची ओल. मराठवाड्यातल्या ज्वारी-हरभऱ्याचा सगळा भरवसा तिच्यावर.

धरणं बांधणाऱ्यांशी किंवा कालवे मागणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तहानलेल्या गावाला पाणी मिळालंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की आपण नदीच्या पहिल्या खोऱ्याचे हिशोब मिलिमीटर आणि टीएमसीत मांडतो, त्यासाठी लवाद नेमतो, तसंच दुसऱ्या खोऱ्याचंही भान ठेवून निर्णय घेतले पाहिजेत. 'जास्तीचं पाणी समुद्राला वाया जातं' हे आपण सहज बोलून जातो. पण आज जे समुद्राला मिळतं त्याच्यातूनच उद्याची वाफ उठते. आणि जे जंगलात मुरतं ते सप्टेंबरमध्ये कुणाच्या तरी शिवारात उतरतं. यात वाया जाणारं काही नाही.

पुस्तकाची मांडणी थेंबाच्या उलट प्रवासाने केली आहे. सुरुवात गोदावरीच्या पात्रात, मग पाऊस, मग ढग, मग वारा, आणि शेवटी समुद्र व जमीन. गणित जिथे टाळता आलं नाही तिथे ते अंकगणिताच्या पलीकडे जाऊ दिलेलं नाही. वाचकाने घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. एखादं प्रकरण वाचून झाल्यावर दारात उभं राहून वारा कुठल्या दिशेचा आहे, एवढं पाहावं. पुस्तकाचा निम्मा अर्थ तिथेच लागेल.

आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत एक शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत पाणी आणि हवा यांचं जमतं, पाय रुतत नाही आणि ढेकूळ हातात भुरभुरतं, त्या घडीला रानाला वाफसा आला असं म्हणतात. तोवर तिफण हातात घेत नाहीत. ज्याने हा शब्द घडवला त्याने माती श्वास घेते हे पाहिलं होतं. समुद्रावरून आलेली वाफ मातीत उतरते, मातीतून पुन्हा वर जाते, आणि या दोन्हींच्या मधल्या थोड्या दिवसांत आपण पेरतो. गोदावरीचं दुसरं खोरं शोधायला निघालेलं हे पुस्तक त्या थोड्या दिवसांचं ऋण मानून वाचकांच्या हाती देतो आहे.